देहदान झालं, आता दहावा-तेरावा करायचा का?

ताई, तुमचा प्रश्न रात्री उशिरा वाचला आणि सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसलेय, कारण तुमच्याकडे दिवस कमी आहेत. आज पाचवा, म्हणजे दहाव्याला पाचच दिवस उरलेत. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगते. ताईंचे बाबा रविवारी गेले. आयुष्यभर नास्तिक, "माझ्यामागे काहीही करायचं नाही" असं लिहून ठेवलेलं, देहदानाचा फॉर्म कित्येक वर्षांपूर्वी भरलेला. घरच्यांनी शब्द पाळला, काही तासांत देह मेडिकल कॉलेजला दिला. आणि आता आई गप्प झाल्यात, नीट जेवत नाहीत, विचारलं की एवढंच म्हणतात, "काहीच झालं नाही गं." काका म्हणतात दहावा झालाच पाहिजे, मुलगा जर्मनीतून येत नसेल तर पुतण्याला बसवू. भाऊ म्हणतो असलं काही केलं तर बाबांचा अपमान होईल. ताईंचे मिस्टर गोव्याचे कॅथलिक, त्यांना कळत नाहीये आपण यात कुठं उभं राहायचं. आणि ताईंचा स्वतःचा प्रश्न असा की आमचा विश्वास नसताना विधी केले तर ते ढोंग नाही का.

मी गेली २२ वर्षं पौरोहित्य करते. सुरुवातीला लग्नं, मुंजी, वास्तुशांत हेच जास्त असायचं, हळूहळू दिवसकार्याची बोलावणी वाढली, कारण बाईमाणूस शांतपणे अर्थ सांगून करते म्हणल्यावर लोक तेवढ्यासाठी बोलवायला लागले. देहदान झालेल्या घरांतही बऱ्याचदा गेलेय. त्यामुळं पुस्तकातलं कमी आणि बघितलेलं जास्त सांगते.

तुमच्या प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुमचं नाहीये, आईंचं आहे. "काहीच झालं नाही." तुम्ही ते "आत्म्याला गती मिळणार नाही" या अर्थानं घेतलंय, कदाचित तसंच असेलही. पण मला हे वाक्य इतक्या घरांत ऐकू आलंय, देवावर विश्वास नसलेल्या बायकांच्या तोंडूनसुद्धा, की मला वाटतं त्या अगदी शब्दशः खरं सांगतायत. त्यांच्या बाजूनं बघा. पन्नासेक वर्षांचा संसार, माणूस पहाटे गेला, डॉक्टर आले, सर्टिफिकेट झालं, फोन झाले, अँब्युलन्स आली, दोन अनोळखी मुलांनी स्ट्रेचर उचललं, दार लागलं आणि दुपारी बारा वाजता घर तसंच्या तसं. त्यांच्या हातानं काही झालं नाही. अंघोळ घातली नाही, तोंडात पाणी सोडलं नाही, अंगावर नवं वस्त्र घातलं नाही, दारात बसून तिरडी बांधताना बघितली नाही. आपण या गोष्टींना उपचार म्हणून सोडून देतो पण त्यातल्या एकेका कामानं घरातल्या माणसाला कळत जातं की हा माणूस आता जाणार, गेला, दारातून बाहेर पडला.

आर्नॉल्ड व्हान गेनेप नावाच्या अभ्यासकानं १९०९ मध्ये मांडलं होतं की जगभरच्या संस्कारांचा सांगाडा सारखाच असतो: आधी जुन्या जागेवरून सुटणं, मग मधला अधांतरी काळ, मग नव्या जागेवर परत येणं. बारसं घ्या, मुंज घ्या, लग्न घ्या, मरण घ्या. मी हे फार उशिरा वाचलं, पण वाचल्यावर माझ्या दिवसकार्याचे तेरा दिवस लख्ख दिसले. पहिल्या दिवशी सुटणं, दहा दिवस अधांतरी सुतक, तेराव्याला गोड घास खाऊन परत माणसांत. तुमच्या घरात पहिला टप्पा हातातून निसटलाय आणि तिसरा टप्पा आखलेलाच नाहीये, म्हणून आई मधे अडकल्यात. तुम्हीही अडकलाय, फक्त तुम्हाला फोन आणि कागदपत्रं आहेत म्हणून कळत नाहीये.

आता बाबांचं. त्यांचा देह कुठं जावा हा त्यांचा हक्क होता आणि तुम्ही तो पूर्ण पाळलात, फार मोठी गोष्ट केलीत. पण मागं राहिलेल्यांनी दुःख कसं करावं हा मागं राहिलेल्यांचा प्रश्न आहे. ही दोन वेगळी खाती आहेत आणि माझ्या मते तुमच्या घरातलं अर्धं भांडण ती एकत्र झाल्यामुळं चाललंय. भावाला हे असं सांगून बघा. अर्थात एक गोष्ट बाबांनी नेमकं काय लिहिलंय त्यावर अवलंबून आहे. नुसतं "कर्मकांड नको" असेल तर भरपूर जागा आहे. "माझ्या नावानं पिंडदान करू नका" असं स्पष्ट लिहिलं असेल तर मी पिंडदान करणार नाही, दुसरा मार्ग काढेन, तो खाली सांगते. कागद परत एकदा काढून सगळ्यांनी एकत्र वाचा, फोनवर भावालाही वाचून दाखवा, कारण प्रत्येकाच्या डोक्यात त्याचं आपापलं व्हर्जन असतं.

देह ठेवण्याची पद्धत बदलली म्हणून बाकीचं आपोआप रद्द होतं असं नाही, याचं एक उदाहरण मुंबईतलंच आहे. पारशी लोकांत देह दोखम्यात, म्हणजे वरून उघड्या गोल मनोऱ्यात, गिधाडांसाठी ठेवतात, मलबार हिलवर डुंगरवाडीला. गिधाडं संपत गेली, जनावरांना देत असलेल्या डायक्लोफेनॅक या औषधामुळं, ते औषध जनावरांसाठी २००६ मध्ये बंद केलं पण गिधाडं काही परत आली नाहीत. मग काही कुटुंबं दहन करायला लागली, पण त्यांच्या चार दिवसांच्या प्रार्थना कुठं म्हणायच्या हा प्रश्न आला, कारण डुंगरवाडीवरचे बंगले दोखम्यात देह देणाऱ्यांसाठी. शेवटी २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत प्रार्थनेसाठी वेगळा हॉल झाला. म्हणजे देहाचं वेगळं केलं आणि तिसऱ्या दिवशीचं उठमणं, चौथ्या दिवशी पहाटेचं चहारोम, हे ठेवलं. त्या समाजात यावरून वाद झाले, आजही आहेत, पण ज्या घरांना गरज होती त्यांना दार मिळालं.

आणि देहच नसेल तर काय, हा प्रश्न तर फारच जुना आहे. माणूस परदेशी गेला, पुरात वाहून गेला, लढाईत हरवला, तर आपल्या शास्त्रात पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून त्याचे संस्कार करायला सांगितलेत, पालाशविधी म्हणतात त्याला. मुसलमानांत गायबाना नमाज असते, देह समोर नसताना जनाज्याची नमाज, अबिसिनियाचा राजा नजाशी गेला तेव्हा पैगंबरांनी मदिनेत अशी नमाज पढली होती. जपानमध्ये ओत्सुची गावात इतारू सासाकी नावाच्या गृहस्थांनी २०१० मध्ये आपल्या बागेत एक टेलिफोन बूथ उभा केला, चुलतभाऊ गेल्यावर त्याच्याशी बोलायला. फोनला वायरच नाही. पुढच्याच वर्षी, २०११ ला, त्सुनामी आली, गावातली कितीतरी माणसं समुद्रात गेली, काहींचे देह मिळालेच नाहीत, आणि लोक त्या बूथवर येऊन डायल फिरवून बोलायला लागले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं की इथं विधी करा. माणसाला ते लागतं, एवढंच.

माझं स्वतःचं यातलं शिक्षण २०२१ च्या कोविडनं केलं. एप्रिल-मेमध्ये लोकांना आपल्या माणसाचं तोंडही बघायला मिळत नव्हतं. एक जण वर्षभरानं माझ्याकडे आला, आई हॉस्पिटलमध्येच गेली होती, याला फोनवर कळलं, अस्थींची पिशवी मिळाली तीसुद्धा कुणाची याची खात्री नाही. चांगला शिकलेला, इंजिनीअर, म्हणला मला यातलं काही पटत नाही पण मी वर्षभर तिच्या खोलीचं दार उघडलेलं नाही. आम्ही आईचा चष्मा आणि एक नऊवारी पाटावर ठेवली. त्यानं चष्मा कोमट पाण्यानं धुतला, पुसला, साडीची घडी परत घातली. मंत्र मी मोजून चार म्हणले असतील. पण तो माणूस चष्मा पुसताना जे बोलत गेला, हॉस्पिटलच्या दारातून परत फिरलो त्याबद्दल माफ कर म्हणला, ते मी विसरूच शकत नाही. तेव्हापासून देह नसलेल्या घरात मी आधी विचारते, त्यांची रोजच्या वापरातली वस्तू कुठली.

देहदानापुरतं बोलायचं तर थायलंडमध्ये फार सुंदर पद्धत आहे. तिथं देह देणाऱ्याला विद्यार्थी "आचार्य" म्हणतात, आजान याय, म्हणजे मोठे गुरुजी. अभ्यास सुरू करण्याआधी वंदन करतात आणि अभ्यास संपल्यावर सन्मानानं अंत्यसंस्कार होतात. तैवानच्या त्झू ची विद्यापीठात विद्यार्थी आधी त्या घरी जाऊन माणूस कसा होता हे समजून घेतात. आपल्याकडेही वैद्यकीय विद्यार्थ्यांना देहापुढं शपथ घ्यायची पद्धत आता सुरू झालीय. तुमच्या कॉलेजच्या ॲनाटॉमी विभागाला फोन करून विचारा असं काही करतात का आणि घरच्यांना त्या दिवशी येता येतं का. मी बघितलंय की "तुमच्या मिस्टरांना शंभर मुलं नमस्कार करणार आहेत" एवढ्या वाक्यानं एका माऊलीनं दोन दिवसांनी घास घेतला.

घासाचं निघालंच आहे तर सांगते. जगात खूप ठिकाणी मरणाच्या घरी पहिलं जेवण बाहेरून येतं. आपल्याकडे चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भात येतो, पाहुणे कडू घास घेऊन येतात. मी लहानपणी अलिबागला होते, आमच्या आळीत बेने इस्राएल कुटुंब होतं, म्हणजे कोकणातले ज्यू, मराठी बोलणारे, आमच्यासारखेच नारळ घालून पोहे करणारे. त्यांच्या घरी आजोबा गेले तेव्हा आरसे झाकलेले, घरातले सगळे खाली बसलेले, आणि पहिलं जेवण नातेवाइकांनी आणलेलं, उकडलेली अंडी, डाळ, गोल गोल पदार्थ. सात दिवस ते बसतात. आणि एक नियम मला तेव्हा विचित्र वाटला होता, आता फार शहाणा वाटतो: भेटायला जाणाऱ्यानं आधी बोलायचं नाही. दुःखातला माणूस बोलेपर्यंत नुसतं जवळ बसायचं. इस्लाममध्येही पैगंबरांचे चुलतभाऊ जाफर लढाईत गेले तेव्हा पैगंबरांनी सांगितलं की त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करा, त्यांच्यावर अशी वेळ आलीय की त्यांना सुचणार नाही. हे सगळे धर्म एकमेकांशी किती गोष्टींवर भांडतात, पण या एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत आहे. तुमच्या घरी काय झालं असेल मी सांगू? "विधी नाहीत" असा मेसेज गेला आणि लोकांना वाटलं यायचं नसतं. हो की नाही? आधी तो मेसेज दुरुस्त करा. "विधी कमी असतील, पण आईला भेटायला नक्की या, संध्याकाळी पाच ते सात" असं टाका. आणि शेजारणीला स्पष्ट सांगा, दोन दिवस डबा द्या. मागायला लाजू नका.

दुसरी गोष्ट, तारीख. मधल्या काळाला शेवट लागतो. आपला तेरावा, ज्यूंचे सात आणि तीस, जपानी बौद्धांत सात-सात दिवसांचे सात टप्पे म्हणजे ४९, बऱ्याच मुसलमान घरांत चाळिसावा, गोव्यात सातव्या दिवसाचा मीस, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, आणि मग महिन्याचा. आकडे वेगळे, पण दुःख करणाऱ्याला सगळीकडे सांगितलंय की इथपर्यंत तू कामं करायची नाहीस, हसला नाहीस तरी चालेल, लोक तुला सांभाळतील, आणि या दिवशी आम्ही येऊन तुला हाताला धरून बाहेर काढू. विधी नाहीत म्हणून ज्या घरांत चौथ्या दिवशी सगळे ऑफिसला गेले, तिथं सहा महिन्यांनी माणूस कोसळलेला मी पाहिलाय. प्रत्येकाचं तसं होतं असं म्हणत नाही, काही जणांना कामच तारतं. पण आईंना ऑफिस नाहीये.

आता ढोंगाचं. हे टोचणं प्रामाणिकपणाचं लक्षण आहे, मला आवडलं. ढोंग कधी होतं? जे वाटत नाही ते वाटतं असं तोंडानं म्हणलं तर. म्हणून माझ्याकडे संकल्पच मराठीत असतो. संकल्प म्हणजे तरी काय, कोण, कुठं, कधी आणि कशासाठी करतोय हे मोठ्यानं सांगणं. आपल्या संकल्पात गोदावरीच्या दक्षिण तीरावर असा पत्ता येतो ना, तसाच. तुमच्या घरी मी असा सांगेन: "बाबांचा या गोष्टींवर विश्वास नव्हता हे आम्हाला माहीत आहे, त्यांच्या देहाबाबतची इच्छा आम्ही पूर्ण केली आहे, आजचं हे कार्य आम्ही आईच्या मनाच्या शांतीसाठी आणि त्यांची आठवण एकत्र करण्यासाठी करत आहोत." यात खोटं काय आहे? भावानं व्हिडिओ कॉलवर हेच वाक्य त्याच्या गावातून म्हणावं. तो जर्मनीत कोलोनला आहे म्हणालात, तर त्याच्या संकल्पात ऱ्हाईन नदी येईल. हे मी आधीही केलंय आणि त्या मुलाला ते फार भिडलं होतं, की मी पण कुठंतरी नदीकाठीच आहे.

पिंडाला कावळा शिवायची वाट बघणं, हे तुमच्या भावाला पटत नाही ते वाचलं. कावळ्यात बाबा येतात का हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग, मी त्यावर वाद घालत नाही. पण घाटावर उभं राहून मी काय पाहते ते सांगते. पिंड ठेवतात, कावळा येत नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मग कुणीतरी हळूच म्हणतं, अण्णा, धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघू. कावळा येत नाही. मग थोरला, जो दोन वर्षं धाकट्याशी बोललेला नाही, तो पुढं होऊन म्हणतो, शेताच्या वाटणीचं मी मिटवतो, तुम्ही काळजी करू नका. चाळीस माणसांसमोर! घरात बसून मध्यस्थ आणून जे झालं नसतं ते तिथं त्या रिकाम्या दहा मिनिटांत होतं, कारण सगळ्यांना विचार करायला लावलेला असतो की गेलेल्या माणसाचं काय राहिलं होतं. आणि नाहीच आला कावळा तर दर्भाचा कावळा करून शिववतात, म्हणजे कुणाला कायम अडकवून ठेवायचं नाही याचीही सोय आहे. पिंड नको असतील तरी ही दहा मिनिटं सोडू नका. बाबांचं काय राहिलं होतं, कोण काय पुढं नेणार, हे प्रत्येकानं एकेक वाक्य मोठ्यानं बोलावं. मेक्सिकोत १ आणि २ नोव्हेंबरला मृतांसाठी घरात मांडणी करतात, झेंडूची फुलं, फोटो, त्यांच्या आवडीचं खाणं, अगदी आपलं पितृपक्षाचं पान वाटावं असं, आणि तिथंही खरं काम गोष्टी सांगणं हेच असतं, नातवंडांना कळतं हा पणजोबा कोण होता.

पुतण्याला बसवायचं? नको. मुलगी आहे, पत्नी आहे. काकांना दुखवू नका, त्यांचाही भाऊ गेलाय आणि त्यांना जे येतं त्याच भाषेत ते रडतायत. पण त्यांना सांगा, २८ नोव्हेंबर १८९० ला महात्मा फुले गेले तेव्हा टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढं न्यायचं मडकं, कुणी धरायचं यावरून भाऊबंदांनी दत्तक मुलाला अडवलं होतं, आणि सावित्रीबाई स्वतः टिटवं हातात घेऊन अंत्ययात्रेपुढं चालल्या, अग्नीही त्यांनीच दिला. पुण्यात, सव्वाशे वर्षांपेक्षा आधी. आणि काकांना रिकाम्या हातानं बसवू नका, त्यांना एक ठळक काम द्या, भावाच्या लहानपणच्या आठवणी त्यांनीच सांगायच्या, दुसऱ्या कुणाला माहीतच नाहीत. माझा अनुभव आहे की आग्रह करणाऱ्या दहांतल्या सातांना विधी हवा असतो त्यापेक्षा त्यात आपल्याला जागा हवी असते.

आता मी जिथं अजिबात हलत नाही ती गोष्ट. आईंचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं, यातलं काही होऊ देऊ नका. कुणी म्हातारी प्रेमानं करायला आली तरी. सुरुवातीच्या काळात एका घरी माझ्यादेखत हे झालं आणि मी नवी होते म्हणून गप्प बसले, ते गप्प बसणं मला आजही बोचतं. विधी माणसाला सांभाळायला असतात, आणि जो विधी नेमक्या त्याच माणसाला समाजातून बाहेर ढकलतो त्याचा मान राखायची काही गरज नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून ही प्रथा बंद केली, मग सरकारनंही बाकीच्या गावांना तसं करायला सांगितलं. मी तर दहाव्याला लेकीच्या हातून आईला हळद-कुंकू लावते. आईंना स्वतःला नको असेल तर नको, जबरदस्ती तीही नाही, त्यांना विचारा.

खर्चाचंही एक वाक्य. तेराव्याला तीनशे पानं, पॅकेज, हॉल, यात पडू नका. इंडोनेशियातल्या तोराजा लोकांत घरचा माणूस गेला की म्हशी कापण्याच्या समारंभाचे पैसे जमेपर्यंत देह महिनोन्महिने घरातच ठेवतात, आजारी आहे असं म्हणतात, आणि त्या समारंभापायी घरं कर्जात जातात. आपल्याकडे तेराव्यासाठी व्याजानं पैसे काढलेली कुटुंबं मी बघितलीत. दहा माणसांचा वरण-भात आणि एक गोड पुरतं.

थोडक्यात परत एकदा, कारण मी फार पसरट लिहिलंय: बाबांच्या देहाचं तुम्ही त्यांच्या इच्छेनं केलंत, ते पूर्ण झालं. आईंसाठी तीन गोष्टी राहिल्यात, हातानं निरोप देणं, माणसांनी येऊन बसणं आणि परत यायची तारीख. या तीन गोष्टी मंत्रांसह करता येतात, मंत्रांशिवायही येतात. कुठलं हे आईंवर सोडा.

मी तुमच्या जागी असते तर काय केलं असतं ते सांगते. आज संध्याकाळी, सगळे गेल्यावर, आईंच्या शेजारी बसून एकच विचारा, "आई, काय व्हायला हवं होतं?" आणि मग गप्प बसा, त्या अलिबागच्या शेजाऱ्यांसारखं. कदाचित त्या म्हणतील पिंडदान, कदाचित म्हणतील मला त्यांच्या अंगावर शाल घालायची होती. दोन्हीची तयारी ठेवा. दहाव्याला सकाळी घरीच, पाटावर बाबांची वस्तू, घड्याळ, पेन, जे असेल ते. आईंनी ती स्वच्छ करायची, शाल घालायची, काळे तीळ घातलेलं पाणी ओंजळीनं सोडायचं. मग तुम्ही, मग फोनवर भाऊ, त्याच्या तिथं वाटीत पाणी घेऊन, मग काका. बाबांनी पिंड नको असं लिहिलंच असेल तर नुसतं एवढंच, नाहीतर आईंना हवे असतील तर पिंडही. कोरडेपणा नको, घाई नको. गुरुजी बोलवणार असाल तर आधीच विचारा की अर्थ सांगणार का आणि लेकीच्या हातून करणार का, नाही म्हणाले तर दुसरे बघा. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीत अर्थ सांगून संस्कार करणारे स्त्री-पुरुष पुरोहित मिळतात.

तुमच्या मिस्टरांनीही ओंजळभर पाणी सोडावं, जावई नाही तर कोण. त्यांना त्यांची प्रार्थना कोकणीत म्हणावीशी वाटली तर म्हणू द्या, मेणबत्ती लावू द्या. त्यांच्या गावी २ नोव्हेंबरला कबरींवर फुलं आणि मेणबत्त्या लावतात, त्यात बाबांच्या नावाची एक लावायची असेल तर तेही आईंना आधी सांगून ठेवा, बऱ्याच जणींना ते ऐकून बरं वाटतं की अजून एका गावात कुणीतरी नाव घेणार आहे.

तेराव्याला गोड घास आईंना कुणी भरवायचा ते आत्ताच ठरवा, माझ्या मते काकांनी. आणि पुढचा पहिला सण येईल तेव्हा चार नातेवाइकांना आत्ताच सांगून ठेवा की त्या दिवशी आमच्याकडे या, कारण तेराव्यानंतर सगळे पांगतात आणि आकाशकंदील लावायचा की नाही या प्रश्नावर आई एकट्या पडतात.

आईंशी बोललात की इथंच लिहा. संकल्पाची वाक्यं मी मोठ्या अक्षरांत टाईप करून ठेवते, बाबांचं नाव आणि त्या पाटावर काय ठेवणार आहात ते फक्त सांगा.